बारा कागदांची बाई

अख्खं चित्र मला कधी कुणी दाखवत नाही.
गोदामात साल्वो देतो बारा कागदांची वळकटी,
पाठीमागे आकडे, एक ते बारा.
खळीची बादली, लांब दांड्याचा ब्रश, शिडी.
त्रापानीच्या बंदरावर पहाटे चारला
माझं आणि भिंतीचं जे काय असेल ते असतं.

पहिल्यात नुसतं आकाश, मळकट. दुसऱ्यातही तेच.
पाचव्यात केस, वाळूत रुतलेले.
सहाव्यात ओठ, किंचित उघडे.
त्यांवर ब्रश फिरवला, फुगा राहू नये म्हणून,
आणि उगाच ओशाळलो.
आठव्यात नारिंगी. सगळं नारिंगी.
अकराव्यात पाऊल, एका पायात सँडल,
दुसऱ्यात नाही.
म्हटलं, असेल उन्हाळ्याची जाहिरात.

खाली उतरलो, रस्ता ओलांडला, वळून पाहिलं.

लाटेच्या कडेला एक पोरगी पडलेली,
अंगात लाइफ जॅकेट, बाकी उघडी,
डोळे टक्क.
कोपऱ्यात मिलानच्या कंपनीचं नाव
मुंगीएवढ्या अक्षरांत.

सात वाजेपर्यंत गाव जमलं.
फादर कालोजेरो म्हणाले, झाका ते.
चित्रकलेच्या ओर्नेल्ला बाई म्हणाल्या,
"फादर, तुमच्या चर्चमध्ये संत आगाता
स्वतःचे कापलेले स्तन तबकात घेऊन उभी आहे.
तिच्यासमोर पोरांना बसवून तुम्ही प्रार्थना शिकवता.
कलेनं टोचायचं नाही, तर काय वारा घालायचा?"
फादर म्हणाले, "आगाता काही विकत नाही."
"मग दानपेटी कुणाच्या पायाशी आहे?"
लोक हसले. मीही हसलो.
मग भिंतीकडे नजर गेली
आणि हसू जिथल्या तिथे राहिलं.

बाल्दासारे तेवढा गप्प होता.
दोन हिवाळ्यांत त्याच्या जाळ्यात
कोळंबीबरोबर तिघं आले.
एकाला त्यानं किनाऱ्यावर आणताना
स्वतःचा स्वेटर घातला होता. का, ते विचारू नका.
तो चित्राजवळ गेला, मान वाकडी करून उभा राहिला
मासा ताजा आहे का बघतात तसा.
म्हणाला,
"ओली आहे. थंड नाहीये."

मग मला विचारलं, "केवढ्याला ते जॅकेट?"
बाईंनी फोनवर शोधलं. अकराशे चाळीस युरो.
"तरंगतं का?"

कुणालाच सांगता येईना.
त्या तिघांतल्या एकाचं तरंगलं नव्हतं.
आत पॅकिंगचा स्पंज कोंबलेला,
पाणी पिऊन दगड झालेला.
बाई हट्टी. लावला मिलानला फोन, स्पीकरवर.
पलीकडची मुलगी मोठी लाघवी:
"नाही हो, ते पाण्यासाठी नाहीच.
फक्त ड्राय क्लीन."

बाईंनी फोन पर्समध्ये टाकला
आणि त्या दिवशी कलेचं नाव काढलं नाही.
उद्या काढतील. काढावंच त्यांनी.
मला अजून वाटतं, त्यांचं अर्धं बरोबर होतं.
ते तिघं आले तेव्हा धक्क्यावर
रुग्णवाहिका होती, दोन पोलीस आणि एक कुत्रं.
मी इथेच राहतो, पन्नास पावलांवर,
मीही खिडकी लावून घेतली होती.
चित्र आलं, तेव्हा गाव आलं.

दुपारी नगरपालिकेची चिठ्ठी.
पांढरे कागद, बारा, आकडे नसलेले.
या वेळी मी पायांपासून सुरुवात केली,
तोंड शेवटी ठेवलं.
डोळ्यांवर कागद दाबताना ब्रश बाजूला ठेवला
आणि हातानंच केलं ते.
वडिलांच्या वेळी केलं होतं तसं.

खळ ओली असते तोवर खालचा रंग वर येतो.
अंधार पडेस्तोवर भिंतीवर
एक नारिंगी डाग होता.

साल्वोनं दोन पावत्या दिल्या,
एक चिकटवल्याची, एक झाकल्याची.
दर सारखाच.